न्यूमोनियानंतर फुप्फुसात गुठळ्या, आता ‘एपीएस’ची (स्वतःच्याच अँटिबॉडीजमुळे रक्तात गुठळ्या होण्याचा आजार) शंका

मिरजेची_ताई:
माझी धाकटी बहीण, वय ३४. श्रावणात ताप-खोकला सुरू झाला. एक्स-रेत उजवीकडे न्यूमोनिया, कारण मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू. ताप उतरला, पण चार पायऱ्या चढली तरी धाप, दीर्घ श्वास घेतला की बरगडीत कळ. सीटी अँजिओत फुप्फुसाच्या धमनीत गुठळ्या दिसल्या. रिव्हरॉक्साबॅन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. आता एपीएससाठीची ल्युपस अँटिकोॲग्युलंट ही रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह आलीय, १२ आठवड्यांनी पुन्हा तपासायचंय. सासरी ‘हिला ल्युपस झाला’ (प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) म्हणून रडारड. एपीटीटी (टेस्टमध्ये रक्त गोठायला लागणारा वेळ) वाढलाय, म्हणजे रक्त उशिरा गोठतंय ना? मग गुठळ्या कशा?

लॅबमधला_दादा:
ताई, या टेस्टवरून ल्युपस ठरत नाही. ही टेस्ट ज्या अँटिबॉडीज शोधते त्या फॉस्फोलिपिड नावाच्या चरबीपाशी चिकटतात. टेस्टच्या नळीत रक्त गोठायला तेच लागतं, ते अडलं की एपीटीटी लांबतो. शरीरात मात्र याच अँटिबॉडीज रक्तवाहिनीचं अस्तर आणि प्लेटलेट चेतवतात. संसर्गात त्या तात्पुरत्या वाढू शकतात, म्हणून १२ आठवडे थांबायचं. अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या एपीएसच्या बाकीच्या दोन टेस्टही करा. रक्त देताना चालू गोळीचं नाव सांगा. रिव्हरॉक्साबॅनमुळेही ही टेस्ट पॉझिटिव्ह दिसू शकते.

वारफरिनवाली_नाशिक:
मला एपीएस आहे, तिन्ही टेस्ट पॉझिटिव्ह. हात जोडून सांगते, रिपोर्टची वाट बघताना गोळी स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. तिन्ही पॉझिटिव्ह निघाल्या तर वारफरिन या रक्त पातळ करणाऱ्या दुसऱ्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. अशा पेशंटना रिव्हरॉक्साबॅनवर जास्त गुठळ्या झाल्याचं २०१८ च्या अभ्यासात दिसलं. वारफरिनवर माझा आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवतात. मेथी-पालकानं तो हलतो, तरी ते सोडलेलं नाही, पण दर आठवड्याला तेवढंच. अँटिबायोटिक सुरू झालं की लगेच आयएनआर बघून घेते, आणि मेडिकलमधून आपल्या मनानं पेनकिलर कधीच आणत नाही. एक विचारते, राग मानू नका: बहिणीचे गर्भपात झालेत का?

मिरजेची_ताई:
हो, दोनदा. दुसऱ्यांदा पाचवा महिना होता. ते आणि हे एकत्र जोडून कुणीच पाहिलं नाही हो.

वारफरिनवाली_नाशिक:
मग हे आजच डॉक्टरांच्या कानावर घाला, निदानात याला फार वजन आहे. आणि मूल हवं असेल तर तेही आधीच सांगा. वारफरिन गर्भाला घातक, रिव्हरॉक्साबॅनही चालत नाही. माझी लेक हेपरिनची इंजेक्शनं आणि ॲस्पिरिनवर झाली. इंजेक्शनांनी पोटावर निळे डाग असायचे, पण टिकली. संधिवाताच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि त्या दोन्ही वेळचे सोनोग्राफीचे कागद सोबत न्या.