मदत हवी आहे : सोयाबीनची धसकटं रानातच कुजू द्यावीत का? हरभऱ्याला मूळकूज येते

नमस्कार मंडळी,

लातूर भागात मध्यम काळी जमीन आहे. खरिपात सोयाबीन, त्यामागे हरभरा.

ऑगस्टमध्ये सोयाबीन उपटून बघितलं की मुळांवर गाठीच गाठी. नखाने फोडल्या तर आतून लालसर गुलाबी, म्हणजे नत्राचं काम जोरात चालू. शेंगा भरायला लागल्या की त्याच गाठी हिरवट, मग तपकिरी पडतात आणि दाबल्या की पिचतात. गाठ कुजली की रायझोबियम (गाठीत राहून हवेतला नत्र धरणारा जिवाणू) परत मातीत जातो, इथपर्यंत समजतं.

पुढचं कोडं सुटत नाही. सोंगणीनंतर धसकटं रोटावेटरने मातीत जातात आणि त्यावर हरभरा पेरतो. सोयाबीनचा रायझोबियम हरभऱ्याला चालत नाही, त्याचा वेगळा. मित्र पुढच्या पिकाच्या कामी येत नाही, शत्रू मात्र येतो! सोयाबीनच्या वाळक्या खोडाची बुडाजवळची साल सोलली तर आत कोळशाच्या भुकटीसारखे काळे ठिपके दिसतात. ही मॅक्रोफोमिना बुरशी. हरभऱ्याची कोरडी मूळकूजही हीच करते. घाटे भरताना ऊन वाढलं, पाण्याचा ताण पडला की झाडं वाळतात. उपटायला गेलं तर मूळ कटकन तुटतं, तंतुमुळं उरलेलीच नसतात.

धसकटं वेचून बाहेर टाकावीत तर सेंद्रिय कर्ब जातो, तो आमच्याकडे आधीच कमी. जाळणं मला अजिबात पटत नाही. मग ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी मित्रबुरशी) द्यायचा कुठे, बियाण्याला की शेणखतातून? बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यावर रायझोबियम टिकतो का? एखाद्या वर्षी हरभऱ्याऐवजी रब्बी ज्वारी घेतली तर ही बुरशी हटेल का? ज्यांनी स्वतः करून बघितलंय त्यांनी जमीन आणि पाण्याची सोय सांगून लिहा, कृपया.

प्रतिसाद :

दादा, ज्वारीने सुटका नाही. ज्वारीचा खडखड्या रोग हीच बुरशी आणते. तिचे काळे कण मातीत काही वर्षं जिवंत राहतात.

धसकटं रानातच ठेवा. ट्रायकोडर्मा चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, ओलसर ठेवून सावलीत वाढू द्या आणि पेरणीआधी ओल असताना मातीत घाला. कोरड्या मातीत तो वाढत नाही. बियाण्याला कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावणार असाल तर त्यावर ट्रायकोडर्मा लावू नका, मरतो. रायझोबियम सगळ्यात शेवटी, पेरणीच्या दिवशीच, १० किलोला २५० ग्रॅम, आणि बियाणं सावलीत सुकवायचं. पाकिटावर 'हरभरा' लिहिलेलं आहे ना ते बघून घ्या.

आमच्याकडे भारी जमीन, विहिरीचं पाणी. घाटे भरताना तुषार सिंचनाने एक हलकं पाणी देतो, तेव्हापासून मर बरीच कमी झाली. तुमच्याकडे पाण्याची काय सोय आहे?