मदत हवी आहे: अमेरिकन क्लायंटचं बेसबॉली इंग्रजी

आमची पुण्यातली टीम आजवर लंडनच्या क्लायंटचं काम करायची. आता बोस्टनचा क्लायंट आलाय आणि प्रत्येक कॉलवर बेसबॉल सुरू. शाळेत 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' घोकून घेतलं होतं, ते अजून एकाही गोऱ्याच्या तोंडून ऐकलेलं नाही!

'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ आकडा, 'टच बेस' म्हणजे मध्ये एकदा बोलून घेऊ, 'कर्व्हबॉल' म्हणजे आपली गुगली. इथवर ठीक. अडलंय दोन ठिकाणी.

१. कालच्या कॉलवर तिकडच्या मॅनेजर म्हणाल्या, "लेट्स टेबल द रिपोर्टिंग मॉड्यूल." आमच्यात सरळ दोन तट पडले. काही म्हणतात विषय चर्चेला घ्यायचाय, तयारीला लागा. बाकीचे म्हणतात, गुंडाळा.

२. त्या पुण्यात येणार आहेत म्हणून जेवायला बोलावलं, तर उत्तर आलं, "कॅन आय टेक अ रेन चेक?" हा नकार समजायचा का?

जाणकारांनी कृपया सांगा. सोमवारी स्प्रिंट (कामाचा पुढचा टप्पा) ठरतोय.

जर्सीकर:
मॉड्यूल थांबवा. इंग्लंडात 'टेबल' करणं म्हणजे विषय चर्चेला मांडणं, अमेरिकेत बरोब्बर उलटं, म्हणजे बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडचे सेनाधिकारी याच एका शब्दावरून हुज्जत घालत बसले होते. चर्चिलनेच लिहून ठेवलंय. गंमत म्हणजे म्हणणं दोघांचंही एकच होतं. तरी मेल टाकून 'या स्प्रिंटमध्ये घ्यायचं नाही ना?' असं सरळ विचारा. त्यात कमीपणा काही नाही, लेखी मात्र राहतं.

रेन चेक म्हणजे नकार नाही. पावसाने सामना वाहून गेला की तिकिटाच्या त्या चिठ्ठीवर पुढचा सामना बघता यायचा, एकोणिसाव्या शतकापासूनची पद्धत. इथे अमेरिकेत काही दुकानांत सेलचा माल संपला तर आजही रेन चेक देतात. माल आला की सेलच्याच भावात मिळतो. म्हणजे आज नको, पुन्हा कधीतरी. अर्थात आपल्या 'बघू, जमवू'सारखाही वापरतात. त्यांनी स्वतःहून दुसरा दिवस सुचवला तर खरं समजा, नाहीतर पुन्हा आग्रह करू नका.

पॅव्हेलियन_एंड:
'बॅटिंग अ थाउजंड' ऐकलंत की हजार धावा डोक्यातून काढा. तिथली सरासरी म्हणजे बॅटिंगच्या संधी किती आणि त्यात हिट किती. दहापैकी दहा हिट म्हणजे १.०००, बोलताना 'थाउजंड'. .३०० वाला बॅटर तिथे चांगला गणला जातो, त्यामुळे हजार म्हणजे निव्वळ कौतुक. पण मॅनेजर ते उपरोधानेही म्हणतात, सूर ऐका.

आणि बॉलपार्क फिगर देताना मेलमध्ये 'रफ एस्टिमेट' लिहाच. ढोबळ म्हणून दिलेला आकडा पुढे बजेटच्या शीटमध्ये पक्का होऊन बसतो.