मदत हवी आहे: एआय गव्हर्नन्स पॉलिसीचा तयार मसुदा आहे का कोणाकडे? शुक्रवारपर्यंत द्यायचीय

पाऊलखुणा
क्लायंटने प्रश्नावली पाठवलीय, त्यात एआय गव्हर्नन्स पॉलिसी (म्हणजे ऑफिसात एआय कोण, कसं वापरणार आणि त्याला जबाबदार कोण याचे नियम) जोडायला सांगितलंय. आमच्याकडे नाही. नेटवर जे सापडतं त्यात सगळीकडे पारदर्शकता, न्याय्यता, उत्तरदायित्व. ते मी दोन पानं लिहून काढलं. पण पुढचा प्रश्न आहे "ही सिस्टिम थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, नाव व हुद्दा लिहा". तिथे अडलेय. कोणाकडे मसुदा असेल तर कृपया द्या, शुक्रवारी पाठवायचंय.

लोलक
कुठली सिस्टिम? तुम्ही एआय बनवता की दुसऱ्याचं वापरता? क्लायंट कुठला? हे कळल्याशिवाय मसुदा देऊन उपयोग नाही.

ठिणगी
एका ओळीची पॉलिसी करा: ऑफिसच्या कामासाठी बाहेरचा चॅटबॉट बंद. २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी आतला कोड चॅटजीपीटीत टाकला आणि कंपनीला बंदी घालावी लागली. अजून काय पुरावा हवा?

अर्धविराम
@ठिणगी, बंदी घातली की लोक स्वतःच्या फोनवरून वापरतात. आमच्याकडे तेच झालं. आधी निदान दिसत तरी होतं कोण काय टाकतंय, नंतर तेही दिसेना. मंजूर केलेलं एक टूल द्या आणि ग्राहकांचा डेटा, पासवर्ड, करार यातलं काहीही त्यात टाकायचं नाही हे स्पष्ट लिहा. लोक ऐकतात.

ठिणगी
सगळे ऐकत नाहीत. एकाने नाही ऐकलं तरी डेटा गेलाच ना?

पाऊलखुणा
@लोलक, आम्ही एआय बनवत नाही. डेव्हलपर कोड लिहायला एआय असिस्टंट वापरतात, बाकी लोक चॅटबॉट. तेवढंच. क्लायंट युरोपातला आहे. मसुदा आहे का?

तपासनीस
आयएसओ ४२००१ करून घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये आलंय, एआय मॅनेजमेंट सिस्टिमचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक. तुमच्याकडे २७००१ (माहितीच्या सुरक्षेचं आयएसओ मानक) असेल तर निम्मी घडी बसलेलीच आहे: धोरण, जोखीम, अंतर्गत ऑडिट, मॅनेजमेंट रिव्ह्यू. त्यात एआयच्या परिणामांचं मूल्यमापन जोडायचं. सर्टिफिकेट जोडलं की क्लायंट पुढे विचारत नाही.

जुनाबँकर
शुक्रवारपर्यंत सर्टिफिकेट कुठून आणायचं? आणि क्लायंटने नाव विचारलंय, सर्टिफिकेट नाही. बँकांत हे काम एआयच्या आधीपासून चालतं. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने २०११ मध्येच मॉडेलच्या (आकडेमोड करून अंदाज देणाऱ्या प्रणालीच्या) जोखमीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. मॉडेलांची यादी ठेवा, ज्याने बनवलं त्याच्याखेरीज दुसऱ्याने ते तपासावं, आणि त्या दुसऱ्याला "हे चालणार नाही" म्हणायचा खराखुरा अधिकार असावा. पाऊलखुणाताई, पॉलिसी बाजूला ठेवा. आधी यादी करा. प्रत्येक खात्यात जाऊन विचारा, आणि "एआय वापरता का" असं विचारू नका, लोक नाही म्हणतात. "कुठलं सॉफ्टवेअर तुम्हाला गुण, क्रम किंवा शिफारस देतं" असं विचारा.

तपासनीस
यादी ४२००१ मध्येही लागतेच. मी काही कागदी घोडे नाचवा म्हणत नाहीये.

जुनाबँकर
मग पहिल्या ओळीत यादी लिहायची होती, सर्टिफिकेट नव्हे.

बाराखडी
थोडं अवांतर. गव्हर्नन्सला मराठीत "नियमन" लिहू नका. नियमन बाहेरून होतं, सरकार करतं. घरातली व्यवस्था म्हणजे कारभार. "एआयचा कारभार कोण बघतं?" असं विचारलं की कोणालाही कळतं, आणि उत्तरात माणसाचं नावच यावं लागतं.

अर्धविराम
कारभार आवडला. पण क्लायंटला इंग्रजीत द्यायचंय हो.

गच्चीवरून
डेटा बाहेर जाऊ नये म्हणून मी घरच्या मशीनवर ओपन मॉडेल (कोणालाही उतरवून घेता येणारं एआय) चालवतो. २४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड पुरतं, चार बिटांवर आणलेलं, म्हणजे कमी मेमरीत बसेल असं आक्रसलेलं, मध्यम आकाराचं मॉडेल व्यवस्थित बोलतं. कोणाला हवं असेल तर सेटिंग देतो.

लोलक
@गच्चीवरून, वेगळा धागा काढा, तिथे नक्की येतो. इथे प्रश्न अधिकाराचा आहे, मॉडेल घरात असलं तरी तो सुटत नाही.

पाऊलखुणा
बँकरकाकांनी सांगितलं तसं खातेनिहाय विचारलं. अकाउंट्समध्ये बिलं वाचणारं एक टूल निघालं. सपोर्टमध्ये ईमेलची वर्गवारी करणारं. आणि एचआरकडे नोकरीचे अर्ज वाचून १०० पैकी गुण देणारं, मार्चपासून. अर्ज मागवायच्या सॉफ्टवेअरमध्येच ते नवीन फीचर म्हणून आलं, चालू करा म्हणून बटण होतं, त्यांनी केलं. वेगळी खरेदी झाली नाही म्हणून आयटीला पत्ता नाही. एचआर म्हणतं ते व्हेंडरचं आहे, जबाबदारी व्हेंडरची, आणि शेवटी निर्णय माणूसच घेतो. असं लिहिलं तर चालेल ना?

लोलक
हे आधी सांगायला हवं होतं, सगळं इथेच आहे. युरोपच्या एआय कायद्यात नोकरीचे अर्ज गाळणाऱ्या सिस्टिम "उच्च जोखीम" गटात आहेत. कायदा १ ऑगस्ट २०२४ ला अमलात आला, त्यातल्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतात. तुम्हाला तो थेट लागतो का ते वकिलाला विचारा, पण प्रश्नावलीतली भाषा तिथलीच वाटते. त्यात बनवणाऱ्याची जबाबदारी वेगळी आणि वापरणाऱ्याची वेगळी. वापरणाऱ्याने देखरेखीला माणूस नेमायचा, त्याला समज, प्रशिक्षण आणि अधिकार हे तिन्ही हवं. आपल्या ताब्यातले लॉग (सिस्टिमने कधी काय केलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) किमान सहा महिने ठेवायचे. "व्हेंडरचं आहे" म्हणून तुमचा वाटा संपत नाही.

अर्धविराम
एअर कॅनडाचं उदाहरण घ्या. त्यांच्या चॅटबॉटने प्रवाशाला भाड्याच्या सवलतीची चुकीची माहिती दिली. चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे अशी भूमिका कंपनीने घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने ती फेटाळली आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली.

तपासनीस
तरी इथे निर्णय माणूस घेतोय, तेवढा धोका नाही. तसं लिहून द्या, ऑडिटर मान्य करतो.

जुनाबँकर
ऑडिटर करेल मान्य, मी नाही करणार. माझ्या जुन्या ठिकाणी कर्जाच्या अर्जांवर मॉडेल लाल किंवा हिरवं दाखवायचं, खाली अधिकाऱ्याने "सहमत" दाबायचं. आम्ही एका दुपारचे लॉग काढले. अर्ज उघडल्यापासून "सहमत" दाबेपर्यंत चार सेकंद, सहा सेकंद, पुन्हा चार. ओळीने तसंच. चार सेकंदांत अर्जदाराचं नावसुद्धा नीट वाचून होत नाही. माणूस होता, सही होती, पण निर्णय मॉडेलचाच होता. असहमत व्हायचं तर कारणांचा रकाना भरायचा, सहमतीला एक क्लिक. आम्ही दोन्हीकडे कारण सक्तीचं केलं, शिवाय रोजचे काही अर्ज रंग लपवून दाखवायला लागलो. ताई, एचआरला विचारा: माणूस टूलच्या विरोधात शेवटचा कधी गेला? आणि कमी गुणवाले अर्ज त्याला दिसतात का?

ठिणगी
बंद करा म्हटलं की मी वाईट. २०१८ मध्ये बातमी आली होती, ॲमेझॉनने अर्जांना गुण देणारं टूल आतल्या आत बनवलं होतं, ते बायकांच्या अर्जांचे गुण कापायचं. जुन्या भरतीच्या डेटावर शिकवलेलं, त्यात पुरुषच जास्त. शेवटी गुंडाळलं.

लोलक
या वेळी ठिणगीशी सहमत. निदान तपास होईपर्यंत.

पाऊलखुणा
आत्ता एचआरच्या मॅडमसोबत बसून सेटिंग पाहिली. ४० च्या खाली गुण असलेले अर्ज "नाकारले" या टॅबमध्ये आपोआप जातात आणि त्याच रात्री उमेदवाराला नकाराची ईमेल जाते. तो टॅब कोणी उघडलाच नव्हता, ४० हा आकडा व्हेंडरनेच भरून दिला होता. मॅडमना खरंच वाटत होतं की सगळे अर्ज आपण बघतो. टॅबमध्ये ३१२ अर्ज आहेत. पहिलाच उघडला तर अकरा वर्षांचा टेस्टिंगचा अनुभव, मधे दोन वर्षं खंड, गुण ३४.

जुनाबँकर
आपोआप नाकारणं आजच बंद करा. टूल काढून टाकू नका, आधी लॉग आणि ते ३१२ अर्ज उतरवून ठेवा. व्हेंडरला लेखी विचारा: गुण कशावरून देता, कुठल्या डेटावर तपासलं, मॉडेल बदललं की आम्हाला कळवता का.

लोलक
आणि क्लायंटला खरं लिहा. सापडलं काय, थांबवलं कधी, पुढे कोण बघणार.

पाऊलखुणा
आपोआप नकार बंद केला, संध्याकाळी ५:४०. लॉग उतरवलेत. साहेब आधी "हे सगळं लिहायची काय गरज" म्हणाले, तो ३४ गुणांचा अर्ज दाखवल्यावर गप्प झाले. थांबवण्याचा अधिकार एचआर मॅडमच्या नावावर टाकलाय, त्या रजेवर असतील तर माझ्या, आणि कोणाला न विचारता थांबवता येईल असं साहेबांच्या सहीने लिहून घेतलं. त्या ओळीवर पाऊण तास गेला. ३१२ अर्ज उद्यापासून आम्ही दोघी गुण झाकून वाचणार आहोत. ज्यांना चुकीचा नकार गेला त्यांना पत्र कसं लिहावं, कोणी लिहिलंय का असं?