बाबक खुर्रमी टिकला असता तर?

प्रश्न:
इ. स. ८१६ च्या सुमारास इराणी बंडखोर नेता बाबक खुर्रमीने आझरबैजानच्या डोंगराळ मुलखात अब्बासी खिलाफतीविरुद्ध बंड पुकारले आणि बध्धच्या किल्ल्याच्या आधाराने ते सुमारे वीस वर्षे चालवले. बायझंटाइन सम्राट थिओफिलोसने ८३७ मध्ये अब्बासी सरहद्दीवर स्वारी केली खरी, पण बध्ध त्याच वर्षी पडला. कॅस्पियन समुद्राकाठच्या तबरिस्तानचा राजा माझ्यार तर ८३९ मध्ये उठला. हे तिघे एकाच वेळी लढले असते, तर मजदकाचा (इस्लामपूर्व इराणातल्या धर्मसुधारकाचा) वारसा मानणारे राज्य इराणात उभे राहिले असते का?

प्रतिसाद १:
माझ्या मते राहिले असते, परंतु डोंगरापुरतेच. बाबकाचे बळ अरुंद खिंडींत होते, आणि खलिफाचा सेनापती अफशीनने ते ओळखून घाई टाळली: वाटेवरचे किल्ले दुरुस्त केले, छावणीभोवती खंदक खणले आणि रसदीच्या काफिल्यांना पहारा दिला. असा बाबक सपाटीवर उतरून बगदाद किंवा खलिफाची तेव्हाची राजधानी समर्रा घेईल, हे मला संभवनीय वाटत नाही. शिवाय हा अफशीन स्वतः मध्य आशियातल्या उस्रुशनाचा इराणी राजपुत्र होता, हे आपण विसरता कामा नये.

प्रतिसाद २:
इराण्याविरुद्ध इराणीच उभा राहिला, हाच मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून मी ८३७ ऐवजी नव्वद वर्षे मागे जाईन. निशापूरजवळच्या ख्वाफमध्ये बिहाफरीद नावाचा माणूस पुढे आला. चीनहून आणलेला, मुठीत मावेल इतका तलम हिरवा सदरा घालून तो पहाटे उंचावरून उतरला आणि नांगर धरलेल्या शेतकऱ्याला म्हणाला की आपण स्वर्गातून परतलो आहोत, अशी कथा आहे. त्याने सूर्याकडे तोंड करून प्रार्थना सांगितल्या, मद्य आणि जवळच्या नात्यातले विवाह निषिद्ध ठरवले. त्याच्याविरुद्ध तक्रार नेली ती जरथुश्त्री धर्मगुरूंनीच, आणि त्याला मारले ते अब्बासींना सत्तेवर आणणाऱ्या खुरासानच्या सेनापती अबू मुस्लिमने. त्याच अबू मुस्लिमचा ७५५ मध्ये खलिफा मन्सूरने घात केला, तेव्हा त्याचा सूड घ्यायला सुनपाद नावाचा इराणी बंडखोर उठला! धर्मगुरूंनी बिहाफरीदाला जवळ केले असते, तर खेड्यातली श्रद्धा आणि जुन्या धर्माची विद्या एकत्र आली असती. खरी शक्यता मला तिथे दिसते.

प्रश्नकर्ता:
आपला मुद्दा पटला. मात्र धर्मगुरूंना खिलाफतीखाली काही संरक्षण होते, आणि नव्या पैगंबराला मान्यता देणे म्हणजे स्वतःचा अधिकार सोडणे होते. ते त्यांनी कशासाठी सोडले असते?