"एका क्लिकमध्ये नोटेशन" म्हणणाऱ्यांनी ते एकदा वाजवून बघावं

खर्ज
परवा तारसप्तक यांनी लिहिलं होतं, "आता कुठलंही रेकॉर्डिंग टाका, एका क्लिकमध्ये एडिट करता येणारं नोटेशन हातात, गाणी उतरवून देणाऱ्यांचे दिवस भरले." दोन दिवस गप्प बसलो, आज राहवलं नाही.

मी गेली कित्येक वर्षं रेकॉर्डिंग ऐकून गायनवृंदासाठी आणि छोट्या बँडसाठी पार्ट लिहून देतो. मागच्या महिन्यात एकाने ॲपने काढलेलं नोटेशन पाठवलं, "फक्त जरा साफ करून द्या" म्हणून. साधं पियानोवरचं गाणं, चार बीटचा (मात्रांचा) बार, म्हणजे कागदावरचा एक खण, लय मिनिटाला ९६ बीट. आता ९६ ला एक बीट ६२५ मिलिसेकंदांचा. पण मिडी फाइलमध्ये, म्हणजे कुठला स्वर कधी आणि किती वेळ वाजला याची नोंद ठेवणाऱ्या फाइलमध्ये, टेम्पो (लय) लिहिलेला नसेल तर तो १२० धरतात, म्हणजे बीट ५०० मिलिसेकंदांचा. झालं काय, तर प्रत्येक साध्या क्वार्टर नोटची (एका बीटच्या स्वराची) झाली एक क्वार्टर आणि तिला टायने (दोन खुणा जोडणाऱ्या कमानीने) चिकटलेली एक सिक्स्टीन्थ (पाव बीट). दुसरा स्वर सव्वा बीटवर, तिसरा अडीचवर, चौथा बारच्या अगदी शेवटच्या सिक्स्टीन्थवर आणि तिथून त्याचा टाय बारलाइन ओलांडून पलीकडे. नवखं पोरसुद्धा वाजवेल असं गाणं, आणि कागदावर ते मुरलेल्या वादकालाही वाचता येईना.

आणि स्वर? सगळे बरोबर होते! एकही चुकला नव्हता. मला हेच सांगायचंय. स्वर ओळखणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. बीट कुठे आहे, हा स्वर कुठल्या हाताचा, इथे वाजवणारा थांबला तो लय सावकाश करायला की स्वरच लांब आहे, हे सगळं कुणीतरी ठरवावं लागतं, आणि ठरवताना तो कागद वाचणारा माणूस डोळ्यांसमोर असावा लागतो. संगीतशास्त्रज्ञ चार्ल्स सीगरने १९५८ सालीच हा फरक मांडून ठेवलाय, वाजवणाऱ्याने काय करायचं ते सांगणारं लिखाण एक आणि जे वाजलं त्याचं वर्णन करणारं दुसरं. मशीन दुसरं देतंय आणि तुम्ही ते पहिलं म्हणून वाटताय.

मला ती चार पानं साफ करायला साडेतीन तास लागले. कोऱ्या कागदावर कानाने लिहिली असती तर दोन तासांत झाली असती.

तारसप्तक
खर्ज, तुम्ही सगळ्यात वाईट उदाहरण उचललंत. ज्याने ते पाठवलं त्याने आधी बीट लावून घेतले नाहीत, त्यात टूलचा काय दोष? मी असं करतो: डेमक्स नावाच्या प्रोग्रामने गाण्याचे थर सुटे करायचे, गायन, बेस, ड्रम्स, बाकीचं. मग टॅप करत टेम्पो मॅप (कुठे लय किती याचा नकाशा) बनवायचा, कारण माणूस एका लयीत वाजवतच नाही. मग एकेक थर बेसिक पिचमधून, म्हणजे आवाजातले स्वर ओळखून मिडी देणाऱ्या टूलमधून, काढायचा, स्पॉटिफायने २०२२ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलंय. मिडी त्या टेम्पो मॅपवर बसवला की म्यूझस्कोअर या नोटेशनच्या प्रोग्राममध्ये उघडायचा. वीस-पंचवीस मिनिटं जातात. क्लिक एक नसेल, पंधरा असतील, मान्य.

आणि सोलो पियानोबद्दल तर बोलूच नका. मॅस्ट्रो नावाचा डेटासेट आहे, स्पर्धांमधलं सुमारे २०० तासांचं वादन, पियानोच असा की कुठली कळ कधी आणि किती जोरात दाबली ते स्वतःच नोंदवतो. त्यावर शिकवलेली मॉडेल्स नव्वद टक्क्यांच्या वर स्वर बरोबर पकडतात. तुमचा कान बरोबर किती पकडतो ते मोजलंय कधी?

माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना हवी ती गाणी छापील मिळतच नाहीत. पूर्वी मी नाही म्हणायचो. आता चार दिवसांत देतो. तुमचा आक्षेप त्या मुलांना समजावून सांगा.

खर्ज
नव्वद टक्के कसले ते पण सांगा ना. त्या मोजणीत स्वर ५० मिलिसेकंद इकडे-तिकडे सुरू झाला तरी बरोबर धरतात. १२० च्या लयीत थर्टीसेकंड नोटच (बीटचा आठवा भाग) ६२.५ मिलिसेकंदांची असते. म्हणजे मार्क मिळतात ते कळ कधी दाबली याचे, लिहिलेल्या कागदाचे नाहीत. आणि नव्वदच धरा. पानावर ४०० स्वर असतील तर ४० चुकीचे, आणि कुठले ४० ते कागद सांगत नाही. सगळे ४०० परत ऐकून तपासावे लागतात. मग वाचलं काय?

पानउलट
मला दोघांचंही पटतं पण मूळ त्रास वेगळाच आहे. लोक नोटेशन काढतात आणि पीडीएफ पाठवतात! पीडीएफ म्हणजे फोटो झाला. एक सूर खाली घ्यायचा असला तर अख्खं परत टाइप करा. मी वापरायचो तो प्रोग्राम कंपनीने बंद केला, आज माझ्या अकरा वर्षांच्या फाइली माझ्याच कॉम्प्युटरवर उघडत नाहीत, फक्त त्यांच्या पीडीएफ उरल्यात. हात जोडून सांगतो, म्यूझिकएक्सएमएल, म्हणजे बदल करता येणारी नोटेशनची फाइल, काढून ठेवा. २००४ पासून आहे, जवळपास सगळीकडे उघडतं. मिडीही नको. मिडीत सूर कुठला, किती वेळ, किती जोरात असलंच असतं, काळी चार (सप्तकातली चौथी काळी कळ) ही जी-शार्प की ए-फ्लॅट हेसुद्धा त्यातल्या स्वराला माहीत नसतं.

काळी_चार
नसू दे की. मी अठरा वर्षं कीबोर्ड वाजवतोय. मधल्या सप्तकातली काळी चार म्हणजे मिडी नंबर ६८. जी-शार्प म्हणा, ए-फ्लॅट म्हणा, बोट तिथेच पडणार. हे स्पेलिंगचं खूळ कागदी लोकांचं आहे.

खर्ज
कागदी लोक? ऐका मग. आमच्या वृंदात एक मशीनने काढलेला पार्ट वाटला गेला, मी त्या दिवशी नव्हतो. एफ मायनरची कॉर्ड, एफ, ए-फ्लॅट, सी. कागदावर आलं एफ, जी-शार्प, सी. बायका स्वरांची नावं वाचत नाहीत, अंतर वाचतात. एफ आणि ए लागोपाठच्या दोन घरांत एकावर एक बसलेले दिसले की गळा आपोआप एफपासूनचा तिसरा स्वर घेतो. इथे जी शेजारच्या रेघेवर एफला खेटून बसलेला. तीन वेळा त्याच जागी सगळ्या अडखळल्या, एकीला वाटलं आपल्यालाच येत नाही आणि ती रडायला आली. एका चुकीच्या खुणेने. बोट तिथेच पडतं म्हणे! गळ्याला कळा नसतात.

गज_आणि_तार
व्हायोलिनलाही नसतात. आणि आमच्याकडे तर हे दोन सूर वेगळेच आहेत. ए कडे जाणारा जी-शार्प मी नेहमी चढा लावते, ए-फ्लॅट त्याच्या खाली. माझ्या बाईंनी पहिल्या वर्षीच बोटात बसवलं होतं. त्यामुळे लिहिलेलं स्पेलिंग बघूनच बोट कुठे ठेवायचं ते ठरतं.

खर्ज
मुद्दा बरोबर आहे पण दिशा उलटी. ई मेजर कॉर्डमधला जी-शार्प शुद्ध लागायला पियानोपेक्षा जवळजवळ १४ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) खाली घ्यावा लागतो. वृंदात चढा लावलात तर कॉर्ड किरकिरते.

गज_आणि_तार
उलटी? मी ऑर्केस्ट्रात बसते, मला उलटं-सुलटं शिकवू नका. सुरावटीत तो सूर खाली घेऊन बघा, बेसूर वाटतो. तुम्ही सगळं जग वृंदाच्या कॉर्डमधून ऐकता.

काळी_चार
बघा, तुमचंच एकमत नाही आणि मशीनने ओळखावं म्हणे.

खर्ज
एकमताचा प्रश्न कुठे आला, आकडे आहेत. सीपासून शुद्ध तिसरे (सी ते ई एवढी अंतरं) रचत वर गेलात तर जी-शार्प ए-फ्लॅटच्या सुमारे ४१ सेंट खाली पडतो.

गज_आणि_तार
आणि शुद्ध पंचम रचत गेलात तर तोच जी-शार्प सुमारे साडेतेवीस सेंट वर येतो. ते का नाही लिहिलंत? अर्धंच सांगायचं आणि वर समोरच्याला चुकीचं ठरवायचं. एकटी वाजवताना माझं बरोबर, स्थिर कॉर्डमध्ये तुमचं. घ्या, म्हटलं तुमचं बरोबर. पण "दिशा उलटी" हे शब्द मागे घ्या.

खर्ज
घेतले. सुरावटीसाठी घेतले.

तारसप्तक
इतके प्रतिसाद स्पेलिंगवर आणि मुलांच्या प्रश्नाला उत्तर नाहीच. बरं, हंगेरियन संगीतकार बार्टोकचं काय? त्याने १९०६ पासून फोनोग्राफ घेऊन खेड्यापाड्यांत गाणी टिपली, मेणाच्या नळकांड्यांवर. तेव्हाही मशीनच होतं ना?

खर्ज
मशीनने आवाज धरून ठेवला. लिहिलं त्याने स्वतः, कानाने. आणि पुढे कित्येक वर्षांनी तीच नळकांडी पुन्हा ऐकून स्वतःचंच लिखाण दुरुस्त केलं. बार्टोकला आपलं पहिलं लिखाण पुरेसं वाटलं नाही आणि तुम्हाला पंचवीस मिनिटांचं पुरतं. मला राग मशीनचा नाहीच, त्या घाईचा आहे. स्पष्टच लिहितो, ज्याला कानाने उतरवता येत नाही त्याने आधी कान तयार करावा. तोवर दुसऱ्याला नोटेशन वाटू नये.

जुनी_कॅसेट
यात माझंही ऐका. वडिलांनी स्वतः बसवलेली एक चाल कॅसेटवर आहे, एवढीच एक खूण राहिली त्यांची. टेप डेक सुमारे तीन टक्के जलद फिरत होता. तीन टक्के म्हणजे ५१ सेंट, बरोब्बर दोन कळांच्या मध्ये. मशीनने एकच धरलेला सूर कधी खालच्या कळीवर टाकला कधी वरच्या, एका श्वासात सहा तुकडे. मला वाटलं बाबांचा सूर हलत होता. आठवडाभर मी हेच समजत होते, आणि मनाला लागलं होतं. मग एकाने विचारलं, मागे पंखा-बिंखा ऐकू येतोय का, काही ठरावीक सुराचं? तंबोऱ्याची पेटी होती, तिच्यावरून वेग काढला, ऑडिओ तेवढा खाली आणला आणि परत टाकलं. सूर एका रेघेत आला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. बाबा हलले नव्हते.

तेव्हा मशीन वाईट नाही, पण त्याला काय खायला घालतोय ते आधी बघावं लागतं. सहा टक्के असतं तर अख्खा अर्धा स्वर सरकला असता आणि मला कधी कळलंच नसतं.

उजवा_कान
खर्ज, मी तुमचं सगळं वाचत आलो, पटतही होतं. ते कान तयार करण्याचं वाक्य वाचून फोन बाजूला ठेवला. आत्ता लिहितोय.

मी बावीस वर्षं बँडसाठी उतरवून लिहायचो. कानाने, पेन्सिलीने. चार वर्षांपूर्वी उजवा कान बिघडला. गेला असता तर बरं, बिघडला. एकच सूर डावीकडे ए ऐकू येतो आणि उजवीकडे त्याहून जवळजवळ अर्धा स्वर चढा. दोन कानांनी ऐकलं तर सगळं संगीत बेसूर. या आजाराला डिप्लाक्यूसिस म्हणतात, डॉक्टर म्हणाले जगायला शिका. कसला कान तयार करू?

आता मी मशीनकडून काढतो आणि डोळ्यांनी तपासतो. खालचा ए, ११० हर्ट्झ. त्याचा तिसरा हार्मोनिक (मूळ सुरासोबत आपोआप उमटणारा, तिप्पट कंपनांचा सूर) ३३०, म्हणजे वरचा ई. मशीन तिथे पुष्कळदा एक ई लिहून टाकतं जो कुणी वाजवलेलाच नाही. पण स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे कुठला सूर कधी आणि किती जोरात ते दाखवणाऱ्या चित्रावर, बघितलं की तो ई खालच्या ए बरोबर त्याच क्षणी उगवतो, फिका असतो, आणि प्रत्येक ए च्या डोक्यावर तसाच असतो. खरा ई स्वतःच्या वेळेला येतो. असे मी एकेक वेचून काढतो. एका गाण्याला दोन रात्री लागतात. घाई नाही माझी.

तुमच्या हिशोबाने मी वाटू नये?

गज_आणि_तार
खर्ज, आता बोला.

तारसप्तक
मी काही जोडत नाही.

खर्ज
उजवा कान, ते वाक्य लिहिताना माझ्यासमोर आळशी माणूस होता, तुम्ही नव्हता. तरी लिहिलं सगळ्यांना उद्देशून, तेव्हा चूक माझी. वाटा. तुम्ही जे करता तेच मी लिहिणं म्हणतो, कान वापरा की डोळे.

बाकी माझं म्हणणं तसंच आहे. न तपासलेलं नोटेशन वाटणं म्हणजे त्या वाजवणाऱ्याचा वेळ खाणं, आणि तारसप्तक, मुलांना दिलेली पानं तुम्ही स्वतः वाजवून बघता का हे अजून सांगितलं नाहीत.

तारसप्तक
बघतो. सगळी नाही. उजव्या हाताची बघतो, डावा राहून जातो कधीकधी. बघेन.

काळी_चार
वृंदाला ए-फ्लॅट लिहून द्या बाबा. मी ६८ च वाजवणार.

उजवा_कान
खर्ज, एक विचारू? एका गाण्यात बेस आणि पियानोचा डावा हात एकाच सप्तकात आहेत, थर सुटे केले तरी एकमेकांत मिसळतात. स्पेक्ट्रोग्रामवर रेघा एकमेकींवर येतात, डोळ्यांनी सुटत नाही. तुमचा कान लागेल.

खर्ज
पाठवा. मशीनचं नोटेशन नको, आधी मूळ रेकॉर्डिंग पाठवा, एमपीथ्री नव्हे, वेव्ह असेल तर ती. आणि तुमची तपासलेली प्रत म्यूझिकएक्सएमएलमध्ये. रविवारी बसतो.

पानउलट
पीडीएफ नाही ना? जमलं एकदाचं.

उजवा_कान
दोन्ही पाठवल्या. १७ व्या बारपासून बघा, तिथे बेस वर चढतो.