सोसायटी ग्रुप: छत्रीचे पाच फटके

बी-३०४ (आत्या): नमस्कार. लिहिणार नव्हते, पण काल रात्रीपासून जिन्यात काय काय चाललंय ते कानावर येतंय. भाच्याने वॉचमनमामांना छत्रीने मारलं, चुकलं, मान्य. त्यांची माफीही मागितली. पण "पाच फटके म्हणजे पाच वर्षं आत" हे पोरांसमोर कुणी बोलायची गरज होती का?

ए-१०२: मी बोललो. मारहाणीला एक वर्ष, फटके पाच. दुसरीतलं पोरही गुणाकार करेल.

सी-४०१ (वकीलताई): काका, तिथे गुणाकार चालत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ९ बघा, जुन्या कायद्यात, आयपीसीत, तेच ७१ होतं. कायद्यातच उदाहरण दिलंय: काठीचे पन्नास फटके मारले म्हणून पन्नास वर्षं नाहीत. सगळी मारहाण मिळून शिक्षा एकच.

ए-१०२: पन्नास फटके, एकाच्या भावात!

बी-१०१: मेन रोडला दिवाळीतही एवढी सूट नसते 😂

डी-२०१: कॅमेरा नं. ३ गणपतीपासून बंद आहे.

ए-१०२: मग पोलिसांनी एनसीत (अदखलपात्र तक्रारीत) दोन-दोन कलमं कशाला लावली?

सी-४०१ (वकीलताई): ११५(२) मारहाणीचं, ३५२ शिवीगाळीचं. शिवी आणि फटका वेगळे धरले तर शिक्षाही दोन होऊ शकतात. त्या सोबत भोगायच्या की एकामागून एक, ते कोर्ट ठरवतं. पण एकच कृत्य दोन व्याख्यांत बसलं, तर कलमं दोन असली तरी त्यातल्या कुठल्याही एका कलमाखाली देता येईल त्यापेक्षा जड शिक्षा देता येत नाही. आणि काकू, ११५(२) ला जास्तीत जास्त एक वर्ष किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसत्या दंडावरही सुटतात. मामांची तयारी असेल तर तडजोडही होते.

बी-३०४ (आत्या): थँक्यू ताई. रात्रभर डोळा नाही.

बी-१०१: गंगापूर धरणातून पाणी सोडलंय. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं म्हणे. कोण येतंय बघायला?

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोला.

नाना (ए-००१): पोरी, माझा फटका कुठल्या हिशोबात? मी सोडवायला गेलो तर डाव्या मनगटावर बसला.

सी-४०१ (वकीलताई): नाना, त्याच कलमातलं दुसरं उदाहरण तुमचंच आहे. मध्ये पडणाऱ्याला मुद्दाम मारलं तर तो फटका पहिल्या मारहाणीत धरत नाहीत. त्याची शिक्षा वेगळी.

बी-३०४ (आत्या): मुद्दाम नाही हो! छत्री हातात फिरली.

ए-१०२: स्वतःहून फिरली. हवामान खात्याला कळवा.

डी-२०१: कॅमेरा नं. ३ चालू असता तर दिसलं असतं मुद्दाम की फिरली. गणपतीपासून बंद आहे.

सेक्रेटरी: समितीने बी-३०४ ला २,००० रु. दंड लावला आहे. मेंटेनन्सच्या मागच्या बाकीत मिळवून भरावा.

बी-३०४ (आत्या): बाकीचा इथे काय संबंध? आणि एका गोष्टीला दोनदा शिक्षा? घटनेत कलम २० आहे, मीही वाचते.

सी-४०१ (वकीलताई): काकू, २०(२) इथे लागत नाही. १९५३ च्या मकबूल हुसेन खटल्यात कस्टमने सोनं जप्त केलं होतं, तरी पुढचा फौजदारी खटला सुप्रीम कोर्टाने चालू दिला. जप्ती ही कोर्टाने दिलेली शिक्षा नव्हती. तसाच सोसायटीचा दंड. मात्र २,००० आपल्या उपविधीत बसतात का, ते सेक्रेटरींनी बघावं.

सेक्रेटरी: समितीला कायदा कळतो, मॅडम.

ए-१०२: पाच वर्षं नाही तर नाही. गाडी परत माझ्या जागेत लागली तर बघू.

बी-३०४ (आत्या): नाना, तुम्हीही तक्रार देणार का?

नाना (ए-००१): मनगट सुजलंय, पण चौकीत कोण जाणार या पावसात. छत्री मात्र माझीच होती, मामांच्या केबिनमध्ये वाळत घातलेली. दोन काड्या बाहेर आल्यात. नवी आणून द्यायला सांग. लांब दांड्याची, काळी. बटणाची नको.

बी-३०४ (आत्या): आजच पाठवते 🙏

डी-२०१: कॅमेरा नं. ३.