'राष्ट्रीय अल्पसंख्याक' म्हणजे नेमके कोण?

भाषांतरू: युरोपीय संघात येऊ पाहणाऱ्या देशांवरचा मजकूर मराठीत आणतोय. संघप्रवेशाच्या १९९३च्या कोपनहेगन निकषांत अल्पसंख्याकांचा आदर आणि संरक्षण ही अट आहे, तिथवर ठीक. पुढे मात्र जागोजागी 'राष्ट्रीय अल्पसंख्याक' येतं, आणि डोळ्यांसमोर दिल्लीतला आयोगच उभा राहतो. दुसरा शब्द आहे का?

शब्दखोर: 'राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग' यात 'राष्ट्रीय' आयोगाला लागतं, म्हणजे देशपातळीवरचा. तुमच्याकडे ते अल्पसंख्याकांना लागतंय. तिथे राष्ट्र म्हणजे देश नव्हे, लोक. सर्बियातल्या वोय्वोदिनाचे हंगेरियन घ्या. नागरिकत्व सर्बियाचं, राष्ट्रीयत्व हंगेरियन. पहिल्या महायुद्धानंतर, १९२०च्या त्रियानोंच्या तहाने हंगेरीची सीमा सरकली, ही माणसं होती तिथेच राहिली. म्हणून 'स्थलांतरित' चालणार नाही.

बेळगावकर: हे तर आमचंच वर्णन! फक्त १९२०च्या जागी १९५६ घाला.

शब्दखोर: सीमेपुरतं मान्य. पण तुम्ही 'भाषिक अल्पसंख्याक', घटनेच्या ३५०ब कलमातले. मराठी भाषक हे वेगळं राष्ट्र, असं तुम्हीही म्हणणार नाही.

बेळगावकर: नाहीच म्हणणार.

भाषांतरू: मग 'परराष्ट्रीय अल्पसंख्याक'?

शब्दखोर: अजिबात नको. पिढ्यानपिढ्या तिथे राहणारे एका उपसर्गाने परके ठरतील.

तळटीपकार: गंमत म्हणजे युरोप परिषदेच्या (ही संघापेक्षा वेगळी संस्था) राष्ट्रीय अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठीच्या १९९५च्या चौकट करारात या संज्ञेची व्याख्याच नाही. एस्टोनियाने ती आपल्या नागरिकांपुरती घेतली. तिथल्या कितीतरी रशियन भाषकांकडे नागरिकत्वच नव्हतं, ते बाहेर. तरी २००४ मध्ये एस्टोनिया संघात आला. फ्रान्सने तर करारावर सहीच केलेली नाही. पाहुण्याला पाय धुऊन या म्हणायचं आणि आपण चपलांसकट देवघरात!

उत्तर मॅसिडोनियाचं प्रकरण जरूर घ्या. त्यांची घटना 'अल्पसंख्याक' न म्हणता 'अल्बेनियन लोकांचा भाग असलेले नागरिक' अशा धाटणीने लिहिते, मॅसिडोनियन आणि अल्बेनियन पक्षांमधल्या २००१च्या ओह्रिड करारानंतर 'समुदाय' हा शब्द आला. आता घटनेतल्या अशा लोकांच्या यादीत बल्गेरियनांची भर घातल्याशिवाय संघप्रवेशाच्या वाटाघाटी पुढे सरकत नाहीत. २०२१च्या जनगणनेत ते ३,५०४ भरले. भांडण आकड्याचं नाही, नावाचं आहे.

भाषांतरू: ठरलं. 'राष्ट्रीय अल्पसंख्याक'च ठेवतो, पहिल्या उल्लेखाला वोय्वोदिनाचं उदाहरण देतो.

शब्दखोर: उत्तम. आणि तुमच्या मसुद्यात दोनदा 'अल्पसंख्यांक' झालंय. अल्पसंख्या + क. अंकाचा संबंध नाही, अनुस्वार काढा.